शिकरा आलाच नाही तर?

दिवाळी झाली की शिरोळ तालुक्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांतून माणसं ट्रक-ट्रॅक्टर भरून येतात. बरोबर भांडीकुंडी, कोंबड्या, एखादी शेळी आणि पोरं. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी 'एक कोयता' म्हणून लिहिली जाते. पोरांची नोंद त्या वहीत नसते. ती कुठे असावी हे 2009च्या शिक्षणहक्क कायद्यानं सांगून ठेवलं आहे: शाळेच्या पटावर, वयाला साजेशा वर्गात, वर्षाच्या मध्येच आलं तरीही. म्हणून नोव्हेंबर सरता सरता गावातल्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीच्या वर्गात कोमल आली. धाकट्या भावाला पहिलीच्या दारात सोडायचं आणि मग आपल्या वर्गात यायचं, असा तिचा नेम. आई-बाप पहाटे अंधारातच फडावर गेलेले असत.

पहिल्याच दिवशी कुणीतरी तिचं दप्तर उचलून दुसऱ्या बाकावर ठेवलं. ती म्हणाली, "ते मव्हं दप्तर हाये."

वर्ग हसला. त्या हसण्यात मला फारसं वावगं दिसत नाही. नवा आवाज कानावर पडला की मुलं हसतात, आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही जातात. खरी गोष्ट सुरू झाली ती दुसऱ्या दिवशी. संग्राम नावाचा मुलगा दारात उभा राहिला, कोमल आत येताना हुबेहूब तिच्या आवाजात "मव्हं दप्तर" म्हणाला आणि वर्गाकडे वळून बघू लागला. वर्ग पुन्हा हसला. आता कोमलला नाव मिळालं होतं: मव्हं.

संग्राम नकला फार सुरेख करायचा. कारखान्याचा भोंगा, चढाला लागलेला ट्रॅक्टर, मुख्याध्यापकांचा खोकला, सगळं त्याच्या गळ्यात होतं. गावात लग्न असलं तरी पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करून बसत. आता त्या यादीत कोमल आली. ती प्रश्नाचं उत्तर द्यायला उभी राहिली की मागून बारीक आवाजात तेच वाक्य यायचं. खिचडीच्या रांगेत ती पुढे सरकली की "मव्हं ताट, मव्हं ताट" सुरू व्हायचं. कुणी तिला ढकललं नाही, वही फाडली नाही, डबा लपवला नाही.

आठवडाभरातच तिनं वर्गात बोलणं सोडलं. पाढे ओठांतल्या ओठांत. हजेरीला नुसता हात वर. जेवणाच्या सुट्टीत ताट घेऊन ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायची. शाळेच्या व्हरांड्यात तक्रारपेटी होती, तिच्या शेजारी 1098 या चाइल्डलाइनच्या क्रमांकाचा फलकही होता. पण पेटीत चिठ्ठी टाकायची तर लिहायचं काय? 'सगळे हसतात' ही तक्रार आहे, हे दहा-अकरा वर्षांच्या मुलीला कसं ठाऊक असणार? मोठ्यांनासुद्धा ते ठाऊक नसतं. मार दिसतो, वळ दिसतो. हसण्याचा वळ दिसत नाही, म्हणून आपण म्हणतो, पोरंच ती, चिडवायचीच.

वर्गाच्या बाईंना मात्र दिसलं. त्यांनी संग्रामला उभं केलं.

"मी कुठं मारलंय बाई? चिमटा बी काढला न्हाई."

ते खरंच होतं. बाईंनी त्याला माफी मागायला लावली. तो कोमलसमोर गेला, मान खाली घातली आणि म्हणाला, "मव्हं चुकलं." चाळीस पोरं खिदळली. नक्कल इतकी हुबेहूब होती की क्षणभर बाईंनाही ओठ आवळून धरावे लागले. त्या रात्री त्यांना सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

बाई गोष्टींवर वाढलेल्या. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचं कामही बघत, एवढं त्यांनी लहानपणी वाचलं होतं. मुलांना रागावण्याऐवजी त्यांची कामं गुपचूप करून ठेवणारा, संध्याकाळी गोष्ट सांगणारा शिक्षक त्यांच्या मनात तेव्हापासून बसला होता. रागावून जमलं नाही, तेव्हा त्यांनी गोष्टीची वाट धरली. शनिवारी दप्तर नसतं. त्या दिवशी त्यांनी वर्ग गोलात बसवला.

गोष्ट अशी. पंचगंगेच्या काठी एक वड होता, वडावर साळुंक्या राहायच्या. थंडीत एक भोरडी आपल्या थव्यातून चुकून त्या वडावर आली. भोरडी म्हणजे पळसमैना: अंग गुलाबी, डोकं, पंख आणि शेपटी काळी. हिवाळ्यात मध्य आशियाकडून या पाखरांचे थवेच्या थवे येतात आणि ज्वारीच्या कणसांवर उतरतात. मुलांना ती ओळखीची होती, कित्येकांनी मळ्यात गोफण फिरवली होती. तर साळुंक्या त्या भोरडीला हसू लागल्या. तुझा रंग कसला, तुझा आवाज कसला, आमच्या फांदीवर बसू नको. बिचारी शेंड्यावर एकटीच बसायची. एक दिवस शिकरा झेपावला. शेंड्यावरून भोरडीला तो आधी दिसला. तिनं ओरडून सगळ्यांना सावध केलं, सगळ्यांचे जीव वाचले. मग साळुंक्यांना आपली चूक कळली आणि त्यांनी तिला आपल्यात घेतलं.

बाईंनी गोष्ट फार छान सांगितली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सांगता सांगता बाईंच्या एक लक्षात आलं नाही: दुसऱ्या वाक्यापासून सगळा वर्ग वळून कोमलकडे बघत होता.

सोमवारी फळ्यावर खडूनं 'भोरडी' लिहिलेलं होतं. आता तिला दोन नावं झाली. मधल्या सुट्टीत पोरं तिच्याभोवती हात पसरून धावत होती, "ए भोरडी, शिकरा आला, वाचीव की आम्हास्नी!" संग्रामनं शिकऱ्याची शीळसुद्धा शोधून काढली होती. मंगळवारपासून कोमल शाळेत आली नाही.

बुधवारी सुट्टीत बाई खिचडीच्या पातेल्यापाशी उभ्या होत्या. शाळेचा पोषण आहार शिजवणाऱ्या हौसामावशी पळी खाली ठेवून म्हणाल्या, "बाई, एक बोलू का? राग धरू नगा."

"बोला ना, मावशी."

"गोष्ट लई झ्याक हुती. मी दारात हुबी राहून ऐकली. पर मला एक सांगा, त्यो शिकरा आलाच नसता तर?"

बाईंना काही सुचेना.

"म्हंजे भोरडीनं कुणाचा जीव वाचवलाच नसता, तर तिला फांदीवर बसू द्यायचं न्हवतं व्हय? आन दुसरं. मी हितं पळी धरून रोज बघत्ये. बोलतोय त्यो एकटा संग्राम. हसत्यात चाळीस. तुमच्या गोष्टीत त्या चाळिसांची गोष्टच न्हाई."

मावशींनी पळी उचलली आणि पुढच्या ताटात खिचडी वाढली.

या ठिकाणी मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण मावशींचा प्रश्न एकट्या बाईंना नव्हता. मुलांना दयाळूपणा शिकवायचा म्हणून आपण ज्या गोष्टी सांगतो, त्यांतल्या कितीतरी याच वळणानं जातात. उंदरानं जाळं कुरतडलं, तेव्हा सिंहाला त्याची किंमत कळली. कुरूप म्हणून हिणवलेलं पाखरू शेवटी सुंदर निघालं. लंगड्या मुलानं गावाला संकटातून सोडवलं. ऐकताना डोळे भरून येतात. पण ज्याला चिडवलं जातं ते मूल या गोष्टीतून काय घेऊन घरी जातं? आपण काहीतरी मोठं करून दाखवलं की हे थांबेल. आणि ज्याच्या हातून तसं काही घडत नाही, त्यानं काय करायचं? सोसत राहायचं? चांगली वागणूक ही बक्षीस म्हणून मिळायची वस्तू आहे असं एकदा मुलाच्या मनात बसलं, तर ज्याला बक्षीस मिळालेलं नाही त्याला छळायला मोकळीक आहे, हेही त्याच्या मनात बसतं. हे आपण शिकवतो, तेही गोड गोष्टीतून.

कोमलमध्ये तसं काही खास नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. गणितात बेताची, अक्षर गिचमिड, धावण्यात मधली. पुढेही ती कशात पहिली आली नाही.

त्या संध्याकाळी बाई टोळीच्या तळावर गेल्या. कारखान्याच्या मागच्या मोकळ्या रानात कोप्यांच्या रांगा, हवेत मळीचा वास, दोन कोप्यांच्या मधे चूल. कोमलची आई वाढ्यांचा भारा सोडत होती. ती उठून उभी राहिली, हात पदराला पुसले. बोटांना पाचटानं चिरा पडल्या होत्या.

"पोट दुखतंय म्हणती बाई. सकाळी दुखतंय, दुपारी ऱ्हातंय."

बाईंनी काय झालं ते सांगितलं. आई जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "कुणाला रागं भरू नका. आमचं काय, पट्टा पडला की चाललो."

कोमल कोपीच्या आत होती. बाई वाकून आत गेल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "माझी गोष्ट चुकली," त्या म्हणाल्या. "मला दुसरी सांगायची आहे. सांगू?"

कोमलनं बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "सांगा. पर मला गोष्टीत घिऊ नका."

"नाही घेणार."

"भोरडी बी नको."

"भोरडी पण नको."

हा शब्द बाईंनी पाळला, आणि त्या पुढे जे काही करू शकल्या ते त्यामुळेच, असं मला वाटतं. पंचतंत्रातल्या विष्णुशर्म्यानं अमरशक्ती राजाच्या तीन मुलांना सहा महिन्यांत शहाणं करायचं पत्करलं, तेव्हा त्यानं त्यांना तीन बिनडोक राजपुत्रांची गोष्ट सांगितली नाही. त्यानं पिंगलक सिंहाची आणि संजीवक बैलाची सांगितली, आणि त्या दोघांची मैत्री तोडणाऱ्या दमनक कोल्ह्याची. राजपुत्र ती गोष्ट आपल्याला लागू होते की नाही हे स्वतःच ठरवायला मोकळे होते. बाईंच्या पहिल्या गोष्टीत ती मोकळीक कुणालाच नव्हती, कोमललाही नाही आणि संग्रामलाही नाही.

पुढच्या शनिवारी वर्ग पुन्हा गोलात बसला. कोमल आली होती, दाराजवळ बसली होती.

"एका वडावर साळुंक्या होत्या," बाई म्हणाल्या. "त्यातली एक नकला करायची. साळुंकी खरंच नकला करते, ठाऊक आहे ना? तर ही टिटवीची करायची, बुलबुलाची करायची. मी करून दाखवू?"

आणि बाई गोलाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि टिटवीसारख्या ओरडल्या. त्यांना नक्कल अजिबात जमत नव्हती. पोरं लोळायची बाकी राहिली. त्या हसण्यानं बाईंना जोर चढला. त्यांनी हात पसरले, मान वेळावली, आवाज आणखी चढवला. एकदा, दोनदा, तीनदा.

"आता दुसरा खेळ," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मी पुन्हा करते. पण ह्या वेळी कुणी हसायचं नाही. रागावायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. नुसतं बघायचं."

पोरांना सुरुवातीला जमेना, तोंडावर हात दाबून धरले. मग जमलं. चाळीस चेहरे गप्प. बाई टिटवीसारख्या ओरडल्या. पुन्हा ओरडल्या. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. त्या खाली बसल्या.

"थांबलासा का बाई?" कुणीतरी विचारलं.

"पुढं येईना," बाई म्हणाल्या.

त्यांनी याचा अर्थ सांगितला नाही. प्रत्येकाला अर्धा कागद दिला. "आता गोष्ट तुम्ही पुढे न्यायची. नक्कल करणाऱ्या साळुंकीनं एके दिवशी एका पाखराची नक्कल केली. कुणाची, ते मला ठाऊक नाही. ते पाखरू तिथंच होतं. तुम्ही डहाळीवरची एक साळुंकी आहात. त्या वेळी तुम्ही काय केलंत आणि तुमच्या मनात काय होतं, ते लिहा. नाव घालायचं नाही."

कागद गोळा झाले, मिसळले, आणि बाई एकेक वाचू लागल्या.

'मी हसले कारण सगळ्या हसल्या.'

'मला हसू आलं नव्हतं. मी नुसती चोच उघडली.'

'मी हसलो. नाहीतर दुसऱ्या दिवशी माझी नक्कल झाली असती.'

'मी दुसरीकडं बघितलं. मला वाटलं आपण बघितलंच नाही म्हणजे आपण नव्हतोच.'

'मी उडून दुसऱ्या झाडावर गेले पण तिथनं पण ऐकू येत होतं.'

वर्गात हळूहळू कुजबुज थांबली. आपल्याला एकट्यालाच असं वाटत होतं, हा ज्याचा त्याचा समज गळून पडत होता. जवळजवळ प्रत्येक जण दुसऱ्याला बघून हसत होता आणि तो दुसरा याला बघून. एका कागदावर फक्त एवढंच होतं: 'मी हसलो नाही, मी हसवलं.' खालची ओळ इतकी गिरगटून खोडली होती की कागदाला भोक पडलं होतं. बाईंनी तोही इतरांसारखाच वाचला, खोडलेल्या ओळीबद्दल काही बोलल्या नाहीत आणि पुढचा घेतला. एक कागद कोराच होता. तो कुणाचा हे बाईंना कळलं असावं.

सोमवारी खिचडीची रांग लागली. संग्राम म्हणाला, "ए मव्हं, सरक." चार-पाच जण हसले. सानिका नावाची मुलगी कोमलच्या मागे उभी होती, ती हसली नाही. ती भाषणबाजी करणारी नव्हे. संग्रामला ती काही बोलली नाही. तिनं कोमलच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाली, "चल की पुढं, मटकी संपाय लागल्या." आणि वाढून घेतल्यावर टाकीकडे जायच्या आधीच तिला आपल्या ओळीत ओढून बसवलं. संग्राम पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं. ह्या वेळी दोघेच हसले. हौसामावशींनी ते पळी धरून पाहिलं.

एका दिवसात सगळं बदललं असं मी सांगणार नाही. वेदांत नावाचा मुलगा पार संक्रांतीपर्यंत तिला त्याच नावानं हाक मारत होता, त्याला त्यात काही वाटतच नव्हतं. कधी हसणारे पुन्हा वाढायचे. बाई दर शनिवारी वडाच्या गोष्टीत थोडी भर घालायच्या. कधी नक्कल करणाऱ्या साळुंकीच्या घरचं काय चाललं होतं, कधी उडून गेलेली साळुंकी परत आली का. मुलं भांडून भांडून पुढचं ठरवायची. एकदा निम्म्या वर्गाचं म्हणणं पडलं की नकला करणारीला झाडावरून हाकलून द्यावं. बाईंनी विचारलं, "मग डहाळीवर बसून तिला हाकलताना बघणाऱ्या साळुंक्या काय करतील?" वर्ग विचारात पडला. तिला ठेवायचं ठरलं. तेव्हा संग्राम खिडकीबाहेर बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

त्याचा गळा मात्र तसाच राहिला, आणि तो राहायलाच हवा होता. प्रजासत्ताक दिनाला त्यानं स्टेजवर अख्खी उसाची वाहतूक उभी केली: बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांपासून वजनकाट्यावरच्या भांडणापर्यंत. चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरची घरघर ऐकून कोमल खळखळून हसली. मागे वळून, सानिकाला कोपरखळी मारून हसली. तिचा बाप त्याच ट्रॅक्टरमागे दगड लावत असायचा.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला. बाईंनी कोमलचं आणि भावाचं शिक्षण हमी कार्ड भरलं, म्हणजे गावाकडच्या शाळेत तिला इथली पाचवी मोडून पुन्हा मागे बसावं लागू नये. ते घ्यायला ती शेवटच्या दिवशी टेबलापाशी आली. सानिका बरोबर होती, आणि दोन पावलं मागे, सहज आल्यासारखा, संग्राम.

"बाई," कोमल म्हणाली, "आता मला गोष्टीत घेतलं तरी चालंल."

"भोरडी म्हणून?"

"व्हय. पर शिकरा नको."

"शिकरा नको? मग भोरडी करणार काय?"

"काय न्हाई. नुसती बसंल. ज्वारी खाईल. बोलंल."

"कसं बोलंल?"

"मव्हं बोलते तसं."

संग्राम पुढे सरकला. "आवाज मी काढू का?" आणि बाईंकडे न बघता, कोमलकडे बघून त्यानं पुन्हा विचारलं, "काढू का?"

कोमलनं थोडा विचार केला. "आधी मी काढते," ती म्हणाली. "तू ऐक."